चौकटीसह सव्वाशे स्कुदी

डब्लिनमधल्या आयर्लंडच्या नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘ख्रिस्ताची अटक’ हे तैलचित्र आहे. उंची १३३.५ सेंटिमीटर, रुंदी १६९.५ सेंटिमीटर. रात्रीच्या काळोखात सात माणसं एकमेकांवर रेटली गेली आहेत. विश्वासघातकी शिष्य ज्यूडासनं येशूला नुकतंच चुंबन दिलंय, चिलखत घातलेल्या शिपायाचा लोखंडी हात येशूच्या छातीकडे आलाय आणि येशूनं बोटं एकमेकांत गुंफून नजर खाली वळवली आहे. अगदी उजवीकडे एक जण कंदील उंच धरून टाचा वर करून बघतोय. तो खुद्द चित्रकार, असं मानतात.

या चित्राची गोष्ट बहुतेक वेळा अशी रंगवून सांगतात: पाद्र्यांच्या जेवणाच्या खोलीत साठ वर्षं लटकलेलं एक काळवंडलेलं चित्र, एक तज्ज्ञ सहज मान वर करून बघतो आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. घडलं ते बरंचसं तसंच. पण डोळ्याला ओळख पटणं वेगळं आणि चार जाणकारांसमोर ती टिकणं वेगळं. या प्रकरणात मला चित्रापेक्षा दफ्तर जास्त खुणावतं, कारण हे चित्र हरवलं ते दफ्तरामुळे आणि सापडलं तेही दफ्तरामुळेच.

वहीतली नोंद

सोळाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मात्तेई घराण्याचे तीन भाऊ नांदत होते. चिरियाको, जिरोलामो आणि आझ्द्रुबाले. जिरोलामो कार्डिनल होता. जून १६०१ मध्ये काराव्हाज्जोनं एका चित्राचा करार केला, त्यात आपला मुक्काम म्हणून त्यानं याच कार्डिनलचा वाडा लिहून दिलाय. चिरियाको हौशी आणि खर्चिक, पण हिशेबाला चोख. काय घेतलं, कुणाला किती दिले, सगळं वहीत.

त्या वहीत काराव्हाज्जोला दिलेल्या रकमा आहेत. ७ जानेवारी १६०२ ला दीडशे स्कुदी (रोमचं तेव्हाचं नाणं), येशूच्या एम्माउसच्या भोजनाच्या चित्रासाठी. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच वर्षात दोन हप्त्यांत पंच्याऐंशी स्कुदी; हे तरुण सेंट जॉनच्या (बाप्तिस्मा देणारा तो जॉन) चित्राचे मानले जातात, आणि ते चित्र रोमच्या कापितोलिनो संग्रहालयात आहे. मग २ जानेवारी १६०३: सव्वाशे स्कुदी, मिकेलांजेलो दा काराव्हाज्जो याला, बागेत पकडलेल्या ख्रिस्ताच्या चित्राबद्दल, चौकटीसह.

नोंद एवढीच. तारीख, रक्कम, माणूस, विषय आणि चौकट. कॅनव्हास केवढा, आकृत्या किती, चित्र वाड्यात कुठे टांगलं, यातलं काही नाही. असणार तरी कसं? वही कलेच्या अभ्यासकांसाठी लिहिलेली नव्हती, पैसे कुठे गेले ते कळावं म्हणून लिहिलेली होती. आमच्या घरच्या एका जुन्या वाटणीपत्रात ‘घागर तांब्याची, पोचा आलेली’ असं लिहिलंय. पोच्यामुळे किंमत कमी होते, म्हणून पोचा नोंदला. घागर कुणी घडवली याच्याशी लिहिणाऱ्याला काही देणंघेणं नव्हतं. चिरियाकोनं चौकट लिहिली तीही त्याच हिशेबी वृत्तीनं. पण पुढे चारशे वर्षांनी याच कोरडेपणाचा उपयोग झाला. ज्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, त्याच्या नोंदीवर संशय घ्यायला जागा उरत नाही.

ही वही रोममध्ये नव्हती. मात्तेई घराण्याचा वारसा पुढे आन्तीची घराण्याकडे गेला आणि कागदपत्रं पोचली आद्रिया समुद्राजवळच्या रेकानाती या टेकडीवरच्या छोट्या गावात. इटलीचा मोठा कवी लेओपार्दी याचं हे जन्मगाव. त्याची आई आदेलाइदे ही आन्तीचींचीच लेक. तिथल्या वाड्याच्या तळघरात हे दफ्तर पडून होतं.

१९८९ च्या सुमारास रोम विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनी तिथे पोचल्या, फ्रांचेस्का काप्पेलेत्ती आणि लाउरा तेस्ता. त्या ‘ख्रिस्ताची अटक’ शोधायला गेल्याच नव्हत्या. वाद होता सेंट जॉनच्या चित्राचा. त्याची जवळजवळ सारखी दोन चित्रं रोममध्ये आहेत, एक कापितोलिनोत आणि एक दोरिया पाम्फिली संग्रहात. मूळ कुठलं आणि नक्कल कुठली हे ठरवण्यासाठी चित्र घराण्यातून कुणाकडून कुणाकडे गेलं याचा माग हवा होता. तळघरातली ओल, कुजत चाललेल्या वह्या. त्या काळची शाई मायफळ आणि हिराकसाची. शाई जुनी झाली की कागदच खाते, अक्षराच्या जागी भोक पडतं. दफ्तरात बसलेल्या माणसाला ही हुरहुर ठाऊक असते: पान उलटताना तुकडा पडला, तर त्या तुकड्यावरच नेमकी आपली ओळ असायची. पण त्यांना ओळी सापडल्या, सेंट जॉनच्या तर सापडल्याच, शिवाय बागेत पकडलेल्या ख्रिस्ताचीही.

नाव बदललं कसं

आता प्रश्न उलटा झाला. वहीप्रमाणे काराव्हाज्जोनं १६०३ च्या सुरुवातीला हे चित्र पुरं करून दिलं होतं. मग ते गेलं कुठे?

पुढची सत्तर वर्षं म्हणा, १६७२ पर्यंत, ते हरवलेलं नव्हतं. त्या वर्षी छापलेल्या काराव्हाज्जोच्या चरित्रात बेल्लोरीनं मात्तेईंच्या घरच्या या चित्राचं वर्णन केलंय. लोखंडी हात पुढे करणारा शिपाई, हात बांधून नम्रपणे उभा असलेला प्रभू, मागे हात पसरून पळणारा शिष्य जॉन. चिलखतावरचा गंजसुद्धा चित्रकारानं हुबेहूब उतरवलाय, हेही त्यानं टिपलं. बेल्लोरीला काराव्हाज्जो फारसा रुचत नव्हता, त्यामुळे या कौतुकाला वजन आहे. आणि आपल्या कामाचं म्हणजे हे वर्णन चौकशीत ओळखपरेडसारखं वापरता येतं. वहीत जे नव्हतं ते इथे आहे.

त्याआधीची एक नोंद मला फार आवडते. १६२६ मध्ये आझ्द्रुबाले मात्तेईनं जोव्हान्नी दि आत्तिली नावाच्या चित्रकाराला याच चित्राची नक्कल करायला सांगितली आणि बारा स्कुदी दिले. मूळ चित्राला सव्वाशे, नकलेला बारा. घरातल्या घरात दोन चित्रं झाली आणि पुढच्या गोंधळाचं बी तिथेच पडलं. युक्रेनमधल्या ओदेसाच्या संग्रहालयाच्या मालकीची ‘ख्रिस्ताची अटक’ची एक प्रत आहे. ती मूळ काराव्हाज्जो आहे असं सोव्हिएत काळात बरेच जण मानत. रेकानातीच्या वह्या वाचल्यावर तिच्याकडे आत्तिलीच्या नकलेच्या नजरेनं बघितलं जाऊ लागलं. २००८ मध्ये ती चोरीला गेली आणि २०१० मध्ये बर्लिनमध्ये पकडली गेली. बारा स्कुदींच्या चित्राला एवढं नशीब.

चूक झाली ती नंतर. १७९३ साली मात्तेईंच्या संग्रहाची यादी झाली, तीत या चित्रापुढे नाव पडलं गेरार्दो देल्ले नोत्ती, म्हणजे ‘रात्रींचा गेरार्दो’, म्हणजे डच चित्रकार हॉन्थॉर्स्ट. मेणबत्तीच्या, कंदिलाच्या उजेडातली चित्रं ही त्याची खासियत, त्यावरूनच इटालियनांनी त्याला हे टोपणनाव दिलं होतं. यादी करणाऱ्यानं रात्र बघितली, कंदील बघितला आणि नाव लिहून मोकळा झाला, असा माझा तर्क. काराव्हाज्जोची कीर्ती तेव्हा उतरलेली होती, त्यामुळे कुणाला खटकलंही नसेल.

खरं तर चित्रातच उत्तर आहे. हॉन्थॉर्स्टच्या चित्रात उजेड त्या मेणबत्तीतूनच येतो. हात आडवा आला की चेहऱ्यावर सावली पडते. इथे कंदील उजवीकडे आणि उजेड येतो डाव्या वरच्या बाजूनं, चित्राबाहेरून. कंदील नुसता धरलाय, त्याचा उपयोग धरणाऱ्याचा चेहरा दिसण्यापुरता. आणि तारखांचं गणित तर याहून सोपं. हॉन्थॉर्स्ट जन्मला १५९२ च्या नोव्हेंबरात. सव्वाशे स्कुदी दिले गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, तोही युट्रेख्टमध्ये. पण हे गणित मांडायला चिरियाकोची वही हवी, आणि वही बंद होती.

इथे थोडं बाजूला जाऊन मात्तेईंच्या शिल्पांबद्दल सांगायला हवं, कारण फरक शिकण्यासारखा आहे. रोममधल्या चेलियो टेकडीवरच्या बागेत चिरियाकोनं प्राचीन संगमरवरी मूर्तींचा मोठा संग्रह मांडला होता. अठराव्या शतकात त्यातल्या बऱ्याच मूर्ती व्हॅटिकननं घेतल्या, आणि १७७० च्या दशकात त्या संग्रहाची कोरीव चित्रं असलेले भलेमोठे ग्रंथ छापले गेले. परिणाम असा की त्या मूर्ती कुठेही गेल्या तरी नाव सोबत घेऊन गेल्या. व्हॅटिकनमधली योद्धा स्त्रीची एक मूर्ती आजही ‘मात्तेई अॅमेझॉन’ म्हणूनच ओळखली जाते. मूर्ती जड, हलवायला कठीण, पुन्हा छापील चित्रात तिचा चेहरामोहरा पक्का. चित्र मात्र भिंतीवरून उतरवायचं, गुंडाळायचं की झालं. त्याची ओळख यादीतल्या एका शब्दावर. तो शब्द चुकला की संपलं.

तो चुकलेला शब्द घेऊनच चित्र रोमबाहेर पडलं. फ्रेंचांच्या स्वाऱ्या, खंडण्या आणि करांनी रोमची खानदानी घराणी टेकीला आली होती. १८०२ मध्ये ड्यूक जुझेप्पे मात्तेईनं सहा चित्रं विल्यम हॅमिल्टन निस्बेट या स्कॉटिश जमीनदाराला विकली. हा निस्बेट म्हणजे लॉर्ड एल्गिनचा सासरा. तोच एल्गिन, ज्यानं अथेन्सच्या पार्थेनॉनवरची शिल्पं उतरवून विलायतेला नेली. (आणि पुढे १८६२ मध्ये भारताचा व्हाइसरॉय होऊन आलेला एल्गिन हा त्याचाच मुलगा, पण दुसऱ्या बायकोचा, निस्बेटचा नातू नव्हे.) ‘हॉन्थॉर्स्ट’ एडिंबराच्या पूर्वेला बील नावाच्या गढीवर जाऊन लटकला. तिथे तो शंभर वर्षांहून जास्त राहिला.

लिलाव, विधवा, जेवणाची खोली

काप्पेलेत्ती आणि तेस्ता यांनी माग इथपर्यंत आणला, मग स्कॉटलंडमधली कागदपत्रं धुंडाळली. निस्बेट घराण्यातली शेवटची वारस १९२० मध्ये वारली. तिच्या चित्रांपैकी काही एडिंबराच्या सरकारी गॅलरीकडे गेली. मात्तेईंच्याच संग्रहातलं सेरोदिने या चित्रकाराचं एक चित्र त्यात होतं, ते आजही तिथे आहे. ‘हॉन्थॉर्स्ट’ त्यात नव्हता. त्याचा पत्ता लागतो एप्रिल १९२१ मधल्या एडिंबराच्या एका लिलावाच्या यादीत. त्यापुढे मात्र कागद संपले. दोघींनी १९९० मध्ये आपलं संशोधन इटलीतल्या एका कला-इतिहासाच्या नियतकालिकात छापलं. नोंदी पक्क्या, साखळी १६०३ पासून १९२१ पर्यंत सलग, पण चित्र गायब.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या लीसन स्ट्रीटवरच्या जेसुइट पाद्र्यांनी आपल्याकडची काही जुनी चित्रं साफ करून घ्यायचं ठरवलं आणि नॅशनल गॅलरीचे ज्येष्ठ जतनतज्ज्ञ सेर्जो बेनेदेत्ती यांना बघायला बोलावलं. जेवणाच्या खोलीत ‘हॉन्थॉर्स्ट’ होता. वर्षानुवर्षांचा धूर, पिवळं पडलेलं वार्निश. बेनेदेत्ती इटालियन, या चित्राच्या नकला त्यांच्या डोळ्यांखालून गेलेल्या. त्यांना शंका आली आणि त्यांनी ती बोलून दाखवली नाही. चित्र गॅलरीत नेलं, साफसफाई सुरू झाली. जाहीर केलं ते नोव्हेंबर १९९३ मध्ये, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळानं. आजच्या घाईच्या जमान्यात ही तीन वर्षं तोंड बंद ठेवणं मला शोधाइतकंच मोठं वाटतं.

चित्र पाद्र्यांकडे कसं आलं ते कळतं, आणि ती हकीकत निराळीच आहे. पर्सिव्हल ली-विल्सन हा रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या आयरिश पोलिसांचा, जिल्हा इन्स्पेक्टर. ब्रिटिशांविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या १९१६ च्या उठावानंतर पकडलेल्या बंडवाल्यांना त्यानं फार वाईट वागवलं होतं, आणि ते विसरलं गेलं नाही. १५ जून १९२० ला वेक्सफर्ड परगण्यातल्या गोरी या गावात त्याला गोळ्या घालून मारलं. हुकूम आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी मायकेल कॉलिन्सचा होता असं सांगतात. त्याची विधवा मारी कोलमडली. जेसुइट फादर थॉमस फिन्ले यांनी तिला धीर दिला. ती वैद्यकी शिकली, डब्लिनमध्ये बालरोगतज्ज्ञ झाली. १९२० च्या दशकात तिनं हे चित्र विकत घेतलं होतं आणि १९३० च्या दशकात उपकाराची आठवण म्हणून जेसुइटांना देऊन टाकलं. अर्थात ‘हॉन्थॉर्स्ट’ म्हणूनच. १७९३ ची यादी अजून बोलत होती.

कागद, कापड, रंग

आता प्रकरणाचा कस लागतो तो इथे. तीन तऱ्हेचे पुरावे आहेत, आणि एकही एकटा पुरेसा नाही.

वही सांगते की काराव्हाज्जोनं हे चित्र केलं. पण तेच हे, असं ती सांगत नाही. बेल्लोरी सांगतो की चित्र कसं होतं; पण चांगली नक्कलही तशीच असते, नक्कल म्हणतात ती त्यालाच. राहिली हातोहातची साखळी: मात्तेई, निस्बेट, एडिंबराचा लिलाव, ली-विल्सन, जेसुइट. गंमत अशी की या साखळीला बळ मिळालं ते चुकीच्या नावामुळे. १७९३ च्या यादीत हॉन्थॉर्स्ट, १८०२ च्या विक्रीत हॉन्थॉर्स्ट, १९२१ च्या लिलावात हॉन्थॉर्स्ट, डब्लिनच्या भिंतीवर हॉन्थॉर्स्ट. नाव बरोबर असतं तर वाटेत कुणीतरी नक्कल बदलून ठेवली असती, अशी शंका घ्यायला जागा होती. हॉन्थॉर्स्टची बदली कोण कशाला करील? तरी लिलाव आणि मारी यांच्यामधला सांधा कच्चाच आहे, आणि तो कच्चा आहे असं फाइलमध्ये स्वच्छ लिहावं या मताचा मी आहे.

म्हणून तिसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे खुद्द रंगांचा थर. बेनेदेत्तींच्या तपासणीत चित्रकारानं वाटेत मन बदलल्याच्या खुणा मिळाल्या. ज्यूडासचा कान आधी जरा वर रंगवला होता, मग झाकून खाली घेतला. आता विचार करा, बारा स्कुदी घेऊन नक्कल करणारा माणूस कान चुकीच्या जागी रंगवून मग खाली आणील का? त्याच्यासमोर कान तयारच आहे. जागा शोधावी लागते ती पहिल्यांदा काढणाऱ्याला. माझ्या मते या अख्ख्या प्रकरणात त्या एका कानाइतका बोलका पुरावा दुसरा नाही. वहीनं फक्त एवढं केलं, की त्या कानाकडे कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून बघायचं ते ठरवून दिलं.

विरोध झाला नाही असं नाही. २००४ च्या सुमारास इटलीतल्या एका खाजगी संग्रहातल्या प्रतीसाठी मूळपणाचा दावा पुढे आला. तीतल्या एका पिवळ्या रंगद्रव्यावरून वाद रंगला, ते काराव्हाज्जोच्या हयातीत वापरात होतं की नाही यावर. जाणकारांचा कौल डब्लिनच्याच बाजूनं राहिला.

काम कुणाचं मोठं, बेनेदेत्तींचं की त्या दोघींचं, यावरही बोललं गेलं. मला तो वाद फोल वाटतो. ओळी नसत्या तर बेनेदेत्तींची शंका शंकाच राहिली असती आणि भिंतीवरचं चित्र नसतं तर दोघींचा लेख एका न सापडलेल्या चित्राची फाइल म्हणून मिटला असता. दोन्हीकडची माणसं सुरुवातीला एकमेकांना ओळखतही नव्हती, तरी तारखा इतक्या जुळाव्यात याचं नवल मात्र वाटतं.

चित्र गॅलरीच्या मालकीचं झालेलं नाही. लीसन स्ट्रीटच्या जेसुइटांनी ते बेमुदत उसनं दिलंय. चित्राखालच्या पाटीवर चित्रकाराचं नाव आता बरोबर आहे, आणि त्याखाली मालकांच्या वतीनं एक ओळ: दिवंगत डॉक्टर मारी ली-विल्सन यांच्या औदार्याबद्दल कृतज्ञता.